वधस्तंभाचा सिनेमा पाहून रडू आले नाही, तर?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुणसंघ दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेनंतर 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' दाखवतो. गेल्या वर्षी फटक्यांच्या प्रसंगाला अख्खे सभागृह हुंदके देत होते. मला मात्र काहीच वाटेना. शेवटी शेवटी तर मी घड्याळ बघत होते. माझा दहा वर्षांचा मुलगा नंतर आठवडाभर दिवा लावून झोपला. मी पुण्याजवळ राहते, संडेस्कूल शिकवते. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि असे सिनेमे मंडळीत दाखवावेत का?"

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो: नाही. दुसऱ्याला जरा बसावे लागेल.

मी तीस-बत्तीस वर्षे पाळकाचे काम केले. त्यातली पहिली बारा वर्षे नगर आणि बीडच्या शिवेवरच्या खेड्यांत गेली. त्या काळात मी माझ्या प्रकृतीपेक्षा जास्त काळजी सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची घेत असे. आमच्याकडे रिळे होती 'दया सागर'ची. मूळ तेलुगू 'करुणामयुडू', १९७८ सालचा, ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केलेला; येशूच्या भूमिकेत विजयचंदर. हिंदी रूप 'दया सागर' नावाने भारतभर खेडोपाडी फिरले. दोन लिंबाच्या झाडांना पांढरे कापड बांधायचे, जनरेटर लांब ठेवायचा म्हणजे त्याचा आवाज संवाद खाणार नाही, आणि अंधार पडायची वाट बघायची. गर्दी इतकी व्हायची की लोक पडद्याच्या मागच्या बाजूलाही बसत. त्यांना येशू डावखुरा दिसे. कोणी कधी तक्रार केली नाही.

येशू पहिल्यांदा पडद्यावर आला की काही म्हाताऱ्या चपला काढून बाजूला ठेवत आणि हात जोडत. सुरुवातीला मला ते खटकायचे. आम्हाला शिकवले होते की ही मूर्तिपूजेची वाट. पुढे कळले, त्यांच्या लेखी ते दर्शन होते आणि दर्शनाला जशी तयारी लागते तशी ती त्या करत होत्या. वधस्तंभाच्या प्रसंगाला मात्र सगळीकडे सारखीच शांतता पसरायची. एका गावी आम्ही तिसऱ्या वर्षी तेच रीळ लावले, तेव्हा पुढे बसलेल्या पोराने बापाला मोठ्याने विचारले, "औंदाबी मारत्यात का त्याला?" बाप म्हणाला, "गप. बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरोघर जाऊन विचारायचो, रात्रीचे काय आठवते. माझी अपेक्षा असायची की खिळे, रक्त, काट्यांचा मुकुट. बायका सांगायच्या ती मरिया, लेकरू डोळ्यांसमोर जाताना बघणारी. पुरुष बहुतेक एकच सांगत: "त्याच्याच माणसानं विकलं की त्याला." सावकारीत, भाऊबंदकीत, वाटणीच्या तंट्यांत पोळलेली ती माणसे. त्यांना यहूदाची, येशूला धरून देणाऱ्या त्या शिष्याची, ओळख करून द्यावी लागत नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. सिनेमाने विश्वास किती वाढला किंवा किती घटला, हे मोजण्यात फारसा अर्थ नाही. सिनेमा विश्वासाचा आकार बदलतो. येशूच्या मरणाची कुठली बाजू माणसाच्या मनात पुढे येते आणि कुठली मागे सरते, हे तो ठरवतो. आणि ते काम इतक्या गुपचूप होते की पाहणाऱ्याला वाटते, आपल्याला हे शास्त्रातूनच मिळाले.

आता हा परिणाम कुठल्या दिशेने जाईल, हे दाखवणाऱ्याच्या हातात नसते. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये, १९१०-११ च्या सुमारास, त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण आणि श्रीरामचंद्र उभे राहत होते. पुढे त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले. त्या मूकपटाने ख्रिस्ती विश्वासाचे काय भले केले ते देव जाणे, पण १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मात्र त्यातून आला. तरुणसंघाच्या मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण सिनेमा लावला की माणसे आपोआप प्रभूकडे वळतात असे त्यांना वाटत असते.

आकडेवारीही फार वेगळे सांगत नाही. दिग्दर्शक मेल गिब्सन यांचा 'द पॅशन' २५ फेब्रुवारी २००४ ला, राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवशी), प्रदर्शित झाला. जगभरात त्याने साठ कोटी डॉलरांहून अधिक कमावले. अमेरिकेतल्या मंडळ्यांनी थिएटरेच्या थिएटरे आरक्षित केली. शतकातली सर्वांत मोठी सुवार्ताप्रसाराची संधी अशी भाषा चालली होती. त्याच वर्षी बार्ना ग्रुप या तिथल्या ख्रिस्ती सर्वेक्षण संस्थेने प्रेक्षकांना विचारले. साधारण सहातल्या एकाने सांगितले की आपल्या धार्मिक समजुतींत काही ना काही फरक पडला. सिनेमा पाहून ख्रिस्ताला तारणारा म्हणून स्वीकारले असे सांगणारे मात्र हजारात एकही भरले नाहीत. मला या दोन आकड्यांमधली दरी महत्त्वाची वाटते. समजुती हलल्या. पण कोणत्या?

बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात फटक्यांना किती जागा आहे ते एकदा उघडून बघा. रोमी सुभेदार पिलाताने बरब्बा नावाच्या कैद्याला सोडले आणि येशूला "फटके मारून" वधस्तंभावर खिळण्यासाठी सोपवले. संपले. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे आणि तोही वाक्याचे मुख्य क्रियापद नाही, जाता जाता आलेला कृदंत. लूककडे तर फटके प्रत्यक्ष मारल्याचे वाक्यच नाही, फक्त पिलाताची "शिक्षा करून सोडतो" अशी भाषा. खिळे ठोकण्याचे वर्णन चार शुभवर्तमानकारांपैकी एकानेही केलेले नाही. "त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले" एवढ्यावर ते पुढे जातात. त्यांच्या वाचकांनी वधस्तंभ डोळ्यांनी पाहिले होते, वर्णनाची गरज नव्हती, हे एक कारण. पण मला वाटते त्यांना वाचकाची नजर जखमांवर थांबवायची नव्हती. कोण मेला, कोणी सोडून दिले, कोण जवळ राहिले, काळोख कधी पडला, मंदिरातला पडदा कधी फाटला, याची त्यांना जास्त काळजी होती.

गिब्सन यांनी त्या एका कृदंताची जवळजवळ दहा मिनिटे केली. पडद्यावर दहा मिनिटे म्हणजे युगे. एवढी मोकळी जागा शुभवर्तमानांच्या बळावर भरता येत नाही, ती बाहेरून आणून भरावी लागते. पुष्कळसे आणले ॲना काथारिना एमेरिख या जर्मन संन्यासिनीच्या नावावरच्या दर्शनांतून. ती १८२४ साली वारली. ती दर्शने क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने लिहून काढली आणि १८३३ साली पुस्तकरूपाने आणली. त्यात ती किती आणि कवी किती, हा वाद इतका जुना आहे की २००४ सालीच तिला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करताना रोमने ब्रेन्टानोचे ते लेखन पुरावा म्हणून धरले नाही. पिलाताची बायको मरियेला तागाची वस्त्रे आणून देते आणि मरिया त्यांनी फरशीवरचे रक्त टिपते, हा प्रसंग तिथला आहे. शास्त्रात शोधू नका.

सिनेमा आल्यावर चार-पाच वर्षांनी आमच्या भागातल्या संडेस्कूलांची शास्त्रपरीक्षा होती. मी एक सोपा प्रश्न घातला होता: येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या आणि त्याची निंदा करणाऱ्या लुटारूचे पुढे काय झाले? शुभवर्तमानात त्याचे पुढे काहीच सांगितलेले नाही, तेच लिहायचे होते. बऱ्याच मुलांनी लिहिले, "कावळ्याने त्याचा डोळा फोडला." एका मुलीने वर लूक २३:३९ असा संदर्भही दिला होता. तो कावळा गिब्सन यांचा. मुलांची चूक नव्हती, आम्हीच त्यांना दर उत्तम शुक्रवारी तो कावळा दाखवत होतो. चूक म्हणून मी गुण कापले नाहीत, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आता विचार करा: त्या मुलांच्या मनात पश्चात्ताप न करणाऱ्या माणसाचा देव लगेच डोळा फोडतो. "हे बापा, त्यांना क्षमा कर" असे नुकतेच म्हणणाऱ्याच्या शेजारी! आकार बदलतो म्हणतो तो असा.

दुसरे एक, जे फार कमी लोकांच्या लक्षात येते. सिनेमा चारही शुभवर्तमाने एकत्र करतो. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या विद्वानाने चारांची एकच सलग कथा रचली होती आणि सीरियातल्या मंडळ्यांनी ती बराच काळ वापरलीही. शेवटी मंडळीने चार वेगळीच ठेवली. मार्काचा येशू वधस्तंभावरून एकच वाक्य बोलतो, "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?", माझ्या देवा, माझा त्याग का केलास, आणि मोठ्याने ओरडून प्राण सोडतो. योहानाचा येशू आईची सोय लावतो आणि "पूर्ण झाले आहे" म्हणून मान लववतो. ही दोन मरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहायची असतात, मिसळून नव्हे. मिसळली की "एलोई" बोथट होते, कारण दोन मिनिटांनी सगळे ठीक होणार हे कळते. अर्थात सिनेमावाल्यांनाच कशाला बोल लावायचा. आम्ही पाळकमंडळीही उत्तम शुक्रवारी येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार एकाच माळेत ओवतो, आणि तीन तासांत सात उपदेश म्हणजे सातव्याला ऐकणारा कोण शुद्धीवर असतो?

पण यापेक्षा मोठी गोष्ट सिनेमातून गळते. ती म्हणजे लाज.

रोमी लोक नुसते मारायला वधस्तंभ वापरत नव्हते. मारायला तलवार पुरे होती. वधस्तंभ गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होता. स्पार्टाकसच्या पुढारीपणाखालचे गुलामांचे बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेला सहा हजार माणसे टांगली. रोमी नागरिकाने 'वधस्तंभ' हा शब्द कानांनीही ऐकू नये असे रोमी वक्ता सिसेरो भर न्यायसभेत म्हणाला होता. टांगलेल्याला विवस्त्र करत. येणारा-जाणारा थुंके. माणूस माणसांतून उठवला जाई, मग मरे. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा लेखक म्हणूनच लिहितो की येशूने "लज्जा तुच्छ मानून" वधस्तंभ सहन केला. वेदना तुच्छ मानून असे तो लिहीत नाही.

सिनेमात येशूच्या कमरेला वस्त्र असतेच. सभ्यतेसाठी असणार, मी त्याविरुद्ध नाही. पण वस्त्र राहिले, शरीर पिळदार राहिले, कॅमेरा सारखा चेहऱ्याजवळ राहिला की लाज जाते आणि उरतो पराक्रम. बघा किती सोसले! जणू वेदना सोसण्याची कोणती स्पर्धा होती आणि आपला माणूस ती जिंकला. मग चाणाक्ष मूल विचारतेच, "पण आजोबा, कॅन्सरवाल्यांना तर महिनोन्महिने दुखतं." त्याला काय सांगणार? वेदनेच्या तराजूवर येशू सर्वांत जड भरलाच पाहिजे असे शुभवर्तमान कुठेच म्हणत नाही.

हे मला शिकवले आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध वडीलधाऱ्यांनी. नगर जिल्ह्यातल्या आमच्या बहुतेक मंडळ्यांचे पूर्वज महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेले, हे काही लपवायचे नाही. आम्ही 'पॅशन' पहिल्यांदा लावला तेव्हा हे बाबा पहिल्या रांगेत होते. फटके चालू असताना तरुण पोरे रडत होती, बाबा ताठ बसून. संपल्यावर मी विचारले. ते म्हणाले, "मार काय पाळकसाहेब, मार माझ्या आज्यानं बी खाल्ला. ती थुंकी बघितली का? शिपाई थुंकला ती? तेवढं एक पुरं होतं. बाकी सगळं कशाला दाखवलं?"

मार्क १५:१९. एकच वचन. त्या एका थुंकीवर ते बाबा त्या रात्री येशूला ओळखत होते आणि माझ्या ईश्वरविज्ञानाच्या पदवीला ते दिसले नव्हते. पुढे मी अरविंद निर्मल पुन्हा वाचायला घेतले. १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करताना त्यांनी म्हटले होते की येशू पूर्ण अर्थाने दलित दिसतो तो वधस्तंभावर: मोडलेला, चिरडलेला, दुभंगलेला, देवानेही टाकलेला. सेमिनरीत ते परीक्षेपुरते वाचले होते. बाबांनी ते निर्मल न वाचता सांगितले.

येशूच्या मरणाचा दोष कोणाचा, हा प्रश्न थोडक्यात घेतो, पण तो टाळता येत नाही. मत्तय २७:२५ मधले "त्याचे रक्त आमच्यावर" हे लोकांचे वाक्य गिब्सन यांनी मूळ अरामी संवादात ठेवले आणि पडद्याखालच्या अनुवादातून काढले, कारण त्या वाक्याच्या आधारावर युरोपात शतकानुशतके ज्यूंच्या कत्तली झाल्या. कॅथलिक मंडळीने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट केले की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर घालता येणार नाही. आपल्याकडे तो इतिहास नाही. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', शेकडो वर्षे मराठी बोलत सुखाने राहिले. म्हणूनच मला धक्का बसला, जेव्हा सिनेमा पाहून आलेला एक कॉलेजचा मुलगा ज्यूंबद्दल तावातावाने बोलू लागला. त्याने आयुष्यात एकही ज्यू पाहिला नव्हता. मी त्याला तुमच्या पुण्यातल्या लाल देवळाविषयी सांगितले. कॅम्पातली ती मनोऱ्याची इमारत अनेकांना चर्चच वाटते, आहे मात्र ज्यूंचे सभास्थान. येशू आज आला तर शनिवारी तिथे जाईल की आपल्याकडे रविवारी, हे त्याने मला सांगावे. तो हसला. पण उत्तर दिले नाही.

आता जे सांगतो ते लिहायला जड जाते. माझ्या एका मंडळीत एक बाई होती, नवरा मारायचा. दारू नव्हती, राग होता. सगळ्यांना माहीत होते, म्हणजे कोणाला माहीत नव्हते. एका उत्तम शुक्रवारी सिनेमा झाला, मी उठून दोन शब्द बोललो. प्रभूने तोंड उघडले नाही, आपणही निमूटपणे सोसायला शिकावे, असे काहीसे. बरे बोललो असे मला वाटले. ती बाई पुढच्या आठवड्यात सासूबरोबर भेटायला आली. सासू म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही सांगितलं ते हिला पटलंय. ही आता माहेरी जाणार नाही म्हणते." आणि ती बाई मान खाली घालून बसली होती. ओठ सुजलेला होता.

माझे बोलणे आणि तो सिनेमा मिळून तिच्या दाराला बाहेरून कडी घालत होते. येशू स्वेच्छेने गेला. तिला कोणी विचारले होते? येशूने गालावर चापट मारणाऱ्या शिपायाला, योहान १८:२३ मध्ये, सरळ विचारले, "मला का मारतोस?" हे वचन मी त्या दिवशी तिच्यासमोर उघडले. सासू उठून गेली. बाई वर्षभराने माहेरी गेली, मग तालुक्याच्या गावी शिवणकाम करू लागली. श्रेय माझे नाही. पण तेव्हापासून दुःखसहनाच्या सिनेमानंतर "आपणही सोसावे" हे वाक्य मी तोंडातून काढलेले नाही, आणि तुम्हीही काढू नका असे हात जोडून सांगतो.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारा सिनेमाच्या विरोधात आहे. नाही. मी एका शेवटच्या आजारातल्या माणसाच्या खाटेशी बसलो आहे, ज्याने मुलाकडे हट्ट धरून मोबाइलवर हाच सिनेमा पाहिला. त्याला बोलता येत नव्हते. क्रूस खांद्यावर घेऊन येशू पडतो तिथे तो मुलाला खूण करी, पुन्हा लाव. पाच-सहा वेळा तेवढेच. त्याला स्पष्टीकरण नको होते, सोबत हवी होती.

याला मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला माथियास ग्रूनेवाल्डने इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र काढले. त्यातल्या येशूचे अंग हिरवट पडलेले, ठायी ठायी फुटलेले, बोटे वाकडी. बघवत नाही. तो मठ आजाऱ्यांची सेवा करणारा होता, आणि तिथे बुरशी लागलेल्या राईच्या भाकरीने होणाऱ्या भयंकर रोगाचे लोक येत, ज्यात कातडी जळते आणि हातपाय झडतात. ते चित्र त्यांच्यासमोर होते. धडधाकट माणसाला जे किळसवाणे वाटेल, त्यात त्या रोग्याला आपले अंग दिसत असणार. यातनांची चित्रे कोणासाठी असतात, याचे मला सापडलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे. पॉपकॉर्नसाठी खालच्या मजल्यावर जाऊन आलेल्या प्रेक्षकासाठी ती नसतात.

म्हणून तुमच्या कोरड्या डोळ्यांकडे येतो. माणसाचे मन एका मर्यादेपलीकडची हिंसा आत घेत नाही, दार लावून घेते. ते मनाचे आरोग्य आहे. शिवाय दर वर्षी तोच सिनेमा, तोच आवाज; सवय होते. आणि सभागृहात शंभर जण रडत असताना न रडणाऱ्याला आपणच पाषाणहृदयी वाटतो, पण त्या शंभरांपैकी किती जण एकमेकांच्या रडण्याने रडत होते ते कोण सांगणार? जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेत येशूच्या दुःखसहनाचे चिंतन करताना त्याच्या दुःखात दुःख मागायला सांगितले आहे. मागायला, म्हणजे ते आपल्या हातात नाही, मिळाले तर देणगी. आणि ते चिंतन करायचे कसे? ती जागा, ती माणसे, ते बोलणे, स्वतःच्या मनाने उभे करून. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण लोक ऐकत, तेव्हाही प्रत्येक ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा येशू त्याचा त्याचा असे. ओवी चेहरा देत नाही. सिनेमा देतो. माझ्या बाबतीत सांगतो: २००४ पासून मी डोळे मिटले की बराच काळ 'पॅशन'मध्ये येशू झालेला जिम कॅविझेल दिसायचा. प्रार्थना करताना अमेरिकी नट मध्ये येणे हे फार अवघडल्यासारखे असते. तुमचा येशू कदाचित तुमचा स्वतःचा आहे, आणि पडद्यावरचा त्याच्याशी जुळला नाही, एवढेच झाले असेल.

मुलाचे आधी करा. अमेरिकेत या सिनेमाला सतरा वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नाही असा शेरा मिळाला होता. पुढच्याच वर्षी गिब्सन यांनी पाचेक मिनिटांची हिंसा कापून दुसरी प्रत काढली, तीही लहानांना दाखवण्याजोगी नाही. दहा वर्षांच्या मुलाला "येशूने तुझ्यासाठी हे सोसले" असे त्या दृश्यांनंतर सांगितले की तो ऐकतो, "माझ्यामुळे त्याला असे मारले." दिवा लावून झोपणार नाही तर काय करणार? त्याच्याशी बोला, काय दिसते ते त्याला सांगू द्या, चित्र काढू द्या. आणि रिकाम्या कबरेपर्यंतची गोष्ट त्याला घरात, तुमच्या आवाजात सांगा. लहानांना दाखवायचाच असेल तर लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा 'जीझस' मराठीत मिळतो. तो साधा आहे, कला म्हणून सामान्यच, पण त्यात येशू मरण्याआधी बराच वेळ जगतो.

तरुणसंघाला मी असे सुचवेन. उत्तम शुक्रवारी पडदा लावू नका. तो दिवस वाचनाचा ठेवा. मार्काचे चौदावे आणि पंधरावे अध्याय दोघा-तिघांनी सावकाश मोठ्याने वाचायचे. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सिनेमा त्याआधीच्या आठवड्यात दाखवा, आणि निदान एखाद्या वर्षी गिब्सन यांच्याऐवजी पिएर पाओलो पासोलिनी यांचा 'मत्तयानुसार शुभवर्तमान' लावून बघा. १९६४ चा, कृष्णधवल, इटालियन. दिग्दर्शक साम्यवादी आणि नास्तिक, येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, वयस्क मरियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई. सिनेमा अर्पण केला आहे पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. गंमत म्हणजे गिब्सन यांनी चाळीस वर्षांनी इटलीतल्या ज्या मातेरा गावात चित्रीकरण केले, तिथेच पासोलिनी यांनीही केले होते. पासोलिनी यांचा न्यायनिवाडा लांबून, गर्दीतल्या लोकांच्या डोक्यांमागून दिसतो. नीट दिसत नाही, ऐकूही येत नाही. आपण त्या गर्दीत उभे असतो आणि काहीच करत नसतो. मुले पहिला अर्धा तास कंटाळतील. कंटाळू द्या.

सिनेमानंतर लगेच दिवे लावू नका, लगेच साक्षी मागू नका आणि लगेच गाणेही सुरू करू नका. दहा मिनिटे गप्प बसायचे. मग एकच प्रश्न: आपण पाहिलेल्यातले शास्त्रात काय नाही? तुमच्या मुलांना बायबल उघडायला याहून चांगले निमित्त मला सापडलेले नाही. आणि त्या वेळी कोणी बाई किंवा मुलगी एकटीच मागे रेंगाळली, तर सामान आवरायची घाई करू नका. चहाचे कप राहू द्या तसेच, तिच्याजवळ जाऊन बसा.